उताऱ्याचे प्रश्न आणि प्रश्नांचे शब्द : वाचन-आकलनाच्या संज्ञांची उजळणी



परीक्षा जवळ आली की आपण सगळेच उजळणीला लागतो. मराठीची उजळणी म्हटलं की वहीत व्याख्या येतात. पात्र म्हणजे काय, संवाद म्हणजे काय, यमक म्हणजे काय. मुलं पाठ करतात, घडाघडा म्हणूनही दाखवतात. आणि समोर न वाचलेला उतारा आला की तीच मुलं पेन तोंडात धरून बसतात. असं का होतं, त्यावर काय करता येईल, आणि कोणत्या संज्ञा कशा उजळायच्या, हे या लेखात बघू या.

तिसरी ते पाचवीच्या वर्गात सहज करून बघता येईल अशी एक गोष्ट सांगते. उतारा वाचून झाल्यावर विचारा, "या प्रसंगातून आजीची मनःस्थिती कशी सूचित होते?" वर्ग गप्प. आता तोच प्रश्न असा विचारा, "आजीले कसं वाटलं असंल रे? तुले कसं समजलं?" दहा हात वर येतात. म्हणजे उतारा मुलांना समजलेला असतो. अडतं ते प्रश्नाच्या भाषेपाशी. 'मनःस्थिती', 'सूचित', 'आशय', 'अनुमान', 'संदर्भ', 'पुढीलपैकी' हे शब्द मुलांच्या घरात कोणी बोलत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात तर ही दरी थोडी जास्तच आहे. घरात झाडीबोली. तिच्यात 'पाणी'चं 'पानी' होतं, 'डोळा'चा 'डोरा' होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही बोली किती समृद्ध आहे ते दाखवून दिलं आहे. तेव्हा मूल 'डोरा' म्हणतं म्हणून ते कच्चं ठरत नाही. त्याला पुस्तकाची भाषा नवी आहे, एवढंच. आणि प्रश्नपत्रिकेची भाषा त्याहूनही नवी आहे.

याचा फटका कुठे बसतो ते बघा. नवोदयच्या सहावी प्रवेश परीक्षेत 80 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यातले 20 प्रश्न, म्हणजे 25 गुण, भाषेचे. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, वेळ अर्धा तास. शिष्यवृत्ती परीक्षेतही उतारा आणि कविता असतेच. खेड्यातल्या हुशार पोरीची एक जागा 'आशय' या एका शब्दापायी जावी, हे काही बरोबर नाही. आणि परीक्षा बाजूला ठेवली तरी 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही तिसरीच्या मुलाने मिनिटाला 60 शब्द 'अर्थासह' वाचावेत असं म्हटलं आहे. त्यातलं 'अर्थासह' महत्त्वाचं.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. प्रत्येक संज्ञेमागे एक साधा प्रश्न ठेवायचा. व्याख्या विसरली तरी प्रश्न लक्षात राहतो. आणि सगळ्या संज्ञा एकाच उताऱ्यावर शिकवायच्या, म्हणजे मुलांचं लक्ष दहा ठिकाणी फाटत नाही. त्यासाठी मी हा छोटा उतारा तयार केला आहे. तुम्ही फळ्यावर लिहून वापरू शकता.

उतारा

मृगात एकदा पाऊस येऊन गेला. मग आर्द्रा संपत आले तरी तो फिरकला नाही. ढग रुसून बसले होते. आजी रोज सकाळी धुऱ्यावर उभी राहून आभाळाकडे बघायची.
"आजी, पऱ्हे पिवळे काहून पडले?" चिंगीने विचारले.
"त्याइले तहान लागली, माय," आजी म्हणाली.
त्या रात्री ढग गरजले आणि पावसाने गाव झोडपून काढले. पहाटे चिंगी धावतच शेतात गेली. बांधी तुडुंब भरली होती. जणू आभाळच खाली उतरले होते. आजी अनवाणीच धुऱ्यावर पोहोचली. ती काही बोलली नाही. तिने ओंजळभर पाणी घेतले आणि डोळ्यांना लावले. आठ दिवसांनी शिवारात रोवणीची गाणी ऐकू येऊ लागली.

1. गोष्टीचे भाग : मंडईतल्या नाटकावरून

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते. दंडार असते, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. मुलांनी हे सगळं जागून पाहिलेलं असतं. तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

पात्र : गोष्टीत कोण कोण आहे? चिंगी आणि आजी. इथे मुलांना विचारा, "मुख्य पात्र कोण?" बरीच मुलं चिंगी म्हणतील, कारण नाव तिचंच आहे. मग विचारा, "पावसाची काळजी कोणाला जास्त आहे? गोष्ट कोणाकडे बघत राहते?" उत्तर आजीकडे वळतं. ज्याच्यामुळे गोष्ट पुढे सरकते किंवा जिच्या मनाभोवती ती फिरते, ते मुख्य पात्र. केवळ नाव असलं म्हणून नव्हे.

स्थळ आणि काळ : कुठे घडतं? केव्हा घडतं? स्थळ म्हणजे शेत, धुरा. काळ उताऱ्यात तारखेने दिलेला नाही, पण मृग आणि आर्द्रा ही नक्षत्रं आली आहेत. म्हणजे जून-जुलै. शेतकऱ्याचं पोर हे लगेच सांगतं. त्याला सांगू द्या. शहरातल्या मुलापेक्षा इथे ते पुढे आहे, हे त्यालाही कळू द्या.

घटना आणि प्रसंग : काय काय घडलं? पाऊस आला, ही घटना. आजीने पाणी डोळ्यांना लावलं, हा प्रसंग. फरक सांगताना एवढंच म्हणा : घटना एका वाक्यात सांगता येते. प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो, त्याचं चित्र काढता येतं.

घटनाक्रम : आधी काय, मग काय? मुलांना चार पट्ट्या कापून द्या : पऱ्हे पिवळे पडले, ढग गरजले, बांधी भरली, रोवणीची गाणी ऐकू आली. पट्ट्या मिसळा आणि लावायला सांगा.

संवाद : कोण कोणाशी काय बोललं? अवतरण चिन्हातलं बोलणं म्हणजे संवाद. इथे एक गोष्ट आवर्जून दाखवा. आजी 'त्याइले' म्हणते, पण गोष्ट सांगणारा 'त्यांना' याच वळणाची भाषा वापरतो. पात्र आपल्या बोलीत बोलतं. पुस्तकात बोली येऊ शकते, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

निवेदक : गोष्ट सांगतंय कोण? दंडारीत एकजण पुढे येऊन कथा सांगतो, तसाच गोष्टीतही एक सांगणारा असतो. इथे तो गोष्टीबाहेरचा आहे. आता मुलांना सांगा, हाच उतारा चिंगीने सांगितला तर कसा होईल? "मी धावतच शेतात गेले." इथे निवेदक चिंगी झाली. लेखक आणि निवेदक एकच असतील असं नाही, हे एवढ्याने कळतं.

2. विषय, मध्यवर्ती कल्पना, शीर्षक, तात्पर्य : सगळ्यात जास्त गोंधळ इथे

या चार शब्दांत मोठी माणसंही अडखळतात. चौघांचे प्रश्न वेगळे ठेवा.

विषय : कशाबद्दल आहे? उत्तर एक-दोन शब्दांत. 'पाऊस आणि शेती.'

मध्यवर्ती कल्पना : त्याबद्दल काय सांगितलं आहे? उत्तर पूर्ण वाक्यात. 'धानाची शेती करणाऱ्या घराचा जीव पावसात अडकलेला असतो.' आशय म्हणजे उताऱ्यात सांगितलेलं सगळं, थोडक्यात. तो दोन-तीन वाक्यांत सांगावा.

शीर्षक : याला नाव काय देशील? शीर्षकाचा प्रश्न बहुधा पर्यायांचा असतो. आपल्या उताऱ्यासाठी चार पर्याय घेऊ : (अ) पाऊस (आ) पिवळे पऱ्हे (इ) पावसाची वाट (ई) चिंगीची शाळा. 'पाऊस' फार मोठं होतं, त्यात पूरही बसेल आणि छत्रीही. 'पिवळे पऱ्हे' उताऱ्याच्या एकाच तुकड्याला लागू पडतं. 'चिंगीची शाळा' उताऱ्यात नाहीच. 'पावसाची वाट' सगळ्याला पुरतं आणि जास्तही होत नाही. मुलांना मी अंगरख्याचं उदाहरण देते : फार ढगळ नको, फार तोकडा नको, दुसऱ्याचा तर नकोच.

तात्पर्य किंवा बोध : यातून काय शिकायचं? इथे सावध राहा. प्रत्येक उताऱ्याला तात्पर्य असतंच असं नाही. उताऱ्यात पाणी दिसलं की 'पाणी जपून वापरावे' आणि झाड दिसलं की 'झाडे लावा, झाडे जगवा' असं लिहायची मुलांना सवय लागलेली असते. आपल्या उताऱ्यात पाणी जपून वापरण्याचा एक शब्दही नाही. तेव्हा विचारा, "हे उताऱ्यात कुठे आहे? बोट ठेव." बोट ठेवता आलं नाही की मूल स्वतःच खोडतं.

3. थेट उत्तर आणि अनुमान

उताऱ्यावरचे प्रश्न दोन घरांत टाकायला शिकवा.

पहिलं घर : उत्तर ओळीत आहे. 'आजी रोज सकाळी कुठे उभी राहायची?' बोट ठेवा, उत्तर लिहा.

दुसरं घर : उत्तर ओळींच्या मध्ये आहे. 'पाणी पाहून आजीला काय वाटले?' उताऱ्यात कुठेही 'आजी आनंदली' असं लिहिलेलं नाही. उलट 'ती काही बोलली नाही' असं आहे. घाईतलं मूल लिहितं, 'आजी रागावली.' न बोलणं म्हणजे राग, असा त्याचा हिशेब. इथे पुरावे गोळा करायला लावा. ती रोज सकाळी आभाळाकडे बघत होती. ती अनवाणीच आली, म्हणजे चप्पल घालण्याइतकाही धीर नव्हता. तिने पाणी डोळ्यांना लावलं, आणि आपण देवाचं तीर्थ कसं घेतो ते मुलांना ठाऊक आहे. तीन पुरावे जोडले की उत्तर मिळतं : आजीला इतका आनंद झाला की शब्द फुटेनात.

अनुमान म्हणजे हेच. मुलांसाठी वाक्य असं : *अंदाज हवेत असतो, अनुमानाला पुरावा असतो.* मुलाने 'मला असं वाटतं' म्हटलं की आपण 'कशावरून?' विचारायचं. या एका शब्दाची सवय लागली तर आकलनाचं निम्मं काम झालं.

कारण आणि परिणाम हेही इथेच घ्या. पाऊस नाही (कारण), पऱ्हे पिवळे पडले (परिणाम). बांधी भरली (कारण), रोवणी सुरू झाली (परिणाम). दोन वाक्यांच्या मध्ये 'म्हणून' घालून बघा. अर्थ जुळला तर आधीचं कारण, नंतरचा परिणाम. 'कारण' घातलं की क्रम उलटतो, तेही दाखवा.

4. शब्दांच्या संज्ञा

संदर्भावरून अर्थ : 'तुडुंब' शब्द माहीत नाही असं धरू. पुढचं वाक्य वाचा, आभाळ खाली उतरल्यासारखं दिसतं. म्हणजे पाणी खूप आहे, काठापर्यंत आहे. शब्दकोश न उघडता अर्थ सापडला. 'संदर्भ' म्हणजे शब्दाचे शेजारी. ज्याला ओळखत नाही त्याची चौकशी शेजाऱ्याकडे करायची.

समानार्थी आणि विरुद्धार्थी : आभाळ, आकाश, गगन. रात्र आणि दिवस. इथे 'पऱ्हे' शब्दही घ्या. प्रमाण मराठीत रोपे म्हणतात. बोलीतला शब्द आणि पुस्तकातला शब्द अशी जोडीची यादी वर्गात लावून ठेवा. धुरा आणि बांध, काहून आणि का, बांधी आणि धानाचं खाचर. मुलांना एक शब्द सोडून दुसरा घ्यायचा नाहीये, दोन्ही हाताशी ठेवायचे आहेत.

वाक्प्रचार आणि म्हण : 'झोडपून काढणे' हा वाक्प्रचार. त्याचा सरळ अर्थ काठीने मारणं, पण पावसाच्या हातात काठी नसते. शब्दांचा सरळ अर्थ सोडून वेगळा अर्थ निघतो तो वाक्प्रचार, आणि तो वाक्यात वापरावा लागतो. म्हण स्वतःच पूर्ण बोलणं असते. ओळखायची खूण : वाक्प्रचाराच्या शेवटी बहुधा 'णे' असतं, म्हणीच्या शेवटी पूर्णविराम देता येतो.

5. कवितेच्या संज्ञा

कवितेसाठी या काही ओळी जुळवल्या आहेत. टाळ्या वाजवत म्हणा.

चला, चला रे बांधीत, चला, चला रे बांधीत!

पाणी भरले काठोकाठ,
बेडूक म्हणतो अपुला पाठ,
वाकुन वाकुन दुखली पाठ!
चला, चला रे बांधीत...

मुठीत हिरवे हिरवे पऱ्हे,
गाण्यामागुन गाणे झरे,
पाय म्हणाले, पुरे पुरे!
चला, चला रे बांधीत...

ओळ किंवा चरण : कवितेची एक ओळ. कडवे : ओळींचा गट, इथे दोन कडवी आहेत. ध्रुवपद : पुन्हा पुन्हा काय येतं? 'चला, चला रे बांधीत.' भजनाला बसणाऱ्या घरातलं मूल हे आधीच जाणतं.

यमक : ओळीच्या शेवटी आवाज कुठे जुळतो? काठोकाठ, पाठ. झरे, पुरे. यमक डोळ्यांनी शोधायचं नाही, कानांनी शोधायचं. म्हणून कविता मोठ्याने म्हणल्याशिवाय यमकाचा प्रश्न सोडवूच देऊ नका.

आता एक गंमत. 'पाठ' दोनदा आला आहे. बेडकाचा पाठ म्हणजे धडा, आणि दुखली ती पाठ शरीराची. एकच शब्द, दोन अर्थ. कोणता कुठे ते शेजारचे शब्द सांगतात. मघाशी पाहिलेला 'संदर्भ' इथे पुन्हा कामी आला.

अलंकार : पाचवीपर्यंत नावांची घाई नको, ती पुढच्या वर्गांत येतातच. आधी प्रश्न कळू द्या. कोणाची कोणाशी तुलना केली? 'सारखा', 'जसा', 'समान' आलं की उपमा : बांधी आरशासारखी चकाकते. 'जणू' आलं की ती वस्तू दुसरीच आहे असं वाटतंय, ती उत्प्रेक्षा : जणू आभाळच खाली उतरले. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते का? ढग रुसून बसले, ही चेतनगुणोक्ती. तेच अक्षर पुन्हा पुन्हा वाजतं का? 'ढगांनी ढमढम ढोल वाजवला', हा अनुप्रास. उपमा आणि उत्प्रेक्षा यात गोंधळ झाला तर मुलांना एकच वाक्य दोन्ही तऱ्हांनी करायला लावा.

6. प्रश्नपत्रिकेचे शब्द

या शब्दांची यादी वर्गाच्या भिंतीवर हवी. मुलांना समजेल अशा भाषेत :

- *पुढीलपैकी* : खाली दिलेल्यांमधून.
- *उताऱ्याच्या आधारे* : तुला काय माहीत आहे ते नको, उतारा काय म्हणतो ते सांग.
- *सूचित होते* : लिहिलेलं नाही, पण कळतं.
- *अनुक्रमे* : ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने.
- *अयोग्य विधान, चुकीचा पर्याय, कोणते नाही* : चार पर्यायांपैकी तीन बरोबर आहेत, न जुळणारा शोध.

शेवटच्या प्रकारात चांगली मुलंही गुण घालवतात. पहिला बरोबर पर्याय दिसला की गोल काळा करून मोकळी होतात. म्हणून 'नाही', 'अयोग्य', 'चूक' या शब्दांभोवती आधी पेन्सिलीने गोल काढायची सवय लावा. कामाला दोन सेकंद लागतात.

7. वर्गात आणि घरी

शिक्षकांसाठी : रोज दहा मिनिटं पुरतात. सोमवारी पात्र, स्थळ, काळ. मंगळवारी क्रम आणि कारण. बुधवारी शीर्षक. गुरुवारी 'कशावरून?'. शुक्रवारी कविता. शनिवारी मुलांनीच प्रश्न तयार करायचे. ज्या मुलाला 'पर्यायी प्रश्न' काढता येतो, त्याला तो सोडवताही येतो. आणि तोंडी उत्तर बोलीत आलं तर ते आधी पूर्ण ऐका, बरोबर असेल तर बरोबर म्हणा, मग विचारा, "हेच पेपरात कसं लिहायचं?" अर्थाचे गुण आणि भाषेची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकत्र केल्या की मूल पुढच्या वेळी हातच वर करत नाही.

पालकांसाठी : तुम्हाला या संज्ञा येत नसतील तरी काही बिघडत नाही. धान कापून आल्यावर, चुलीपाशी बसल्यावर, एखादी घडलेली गोष्ट पोराला सांगायला लावा. मग चारच प्रश्न विचारा : कोण होतं? आधी काय झालं? काहून झालं? तुले कशावरून वाटते? हे प्रश्न आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या विचारले जात आहेत. पुस्तकाने त्यांना पात्र, घटनाक्रम, कारण आणि अनुमान अशी नावं दिली आहेत. मुलाला ही नावं शाळेत आम्ही सांगू. विचारायची सवय मात्र घरातूनच यायला हवी.

उजळणी झाली की नाही हे तपासायचं असेल तर व्याख्या विचारू नका. मुलाला अगदी नवा, न वाचलेला उतारा द्या आणि त्यावर पाच प्रश्न *काढायला* सांगा. त्यात एक तरी 'कशावरून' असला, म्हणजे समजा, पोरगं वाचायला लागलं.